गेऑर्ग सिमोन ओहम
गेऑर्ग सिमोन ओहम (जन्म: १६ मार्च १७८९, एर्लांगेन, मृत्यू: ६ जुलै १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व गणिताचे अध्यापक होते. विद्युत परिपथातील विभवांतर, विद्युतधारा आणि रोध या तीन राशींमधील संबंध त्यांनी प्रयोगाने शोधला व गणिताने मांडला. हा संबंध ओहमचा नियम या नावाने ओळखला जातो. विद्युतरोधाच्या आंतरराष्ट्रीय एककालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव इंग्रजी उच्चारानुसार जॉर्ज सायमन ओहम असेही लिहिले जाते.

ओहम यांच्या आयुष्याचा मोठा भाग शाळांमध्ये गणित व भौतिकशास्त्र शिकविण्यात गेला. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत झाले. त्या संशोधनाची त्यांच्या स्वतःच्या देशात सुमारे दीड दशक उपेक्षा झाली आणि विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मृत्यूच्या केवळ दोन वर्षे आधी मिळाले.

बालपण व शिक्षण

ओहम यांचा जन्म एर्लांगेन या गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे बनविणारे कारागीर होते, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्याला सात अपत्ये झाली, परंतु गेऑर्ग, त्यांचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बारा ही तीनच जगली. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले.

वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, तरी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता. दोन्ही मुलांना त्यांनी घरीच शिकविले. कारागिराच्या घरात वाढल्यामुळे गेऑर्ग यांना हत्यारे हाताळण्याची व धातूकामाची सवय लागली. पुढे स्वतःची उपकरणे तयार करताना हे कसब त्यांच्या उपयोगी पडले. वयाच्या अकराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत ते एर्लांगेनच्या माध्यमिक शाळेत होते. तेथील शिक्षणाचा भर पाठांतरावर होता आणि विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक कार्ल क्रिस्टियन फॉन लांग्सडोर्फ यांनी या भावंडांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांची गणितातील गती पाहून त्यांनी त्यांची तुलना स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध बर्नुली गणिती घराण्याशी केली. मार्टिन ओहम हेही पुढे नामवंत गणिती झाले.

१८०५ मध्ये गेऑर्ग यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्स यांत त्यांचा वेळ अधिक जाऊ लागला. मुलाला मिळालेली संधी वाया जात असल्याचे पाहून वडील संतापले. तीन सत्रांनंतर गेऑर्ग यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि सप्टेंबर १८०६ मध्ये त्यांना स्वित्झर्लंडला पाठविण्यात आले. तेथे गॉटस्टाट येथील शाळेत त्यांनी गणिताचे अध्यापन सुरू केले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते.

१८०९ मध्ये ते न्यूशातेल येथे खासगी शिक्षक झाले. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ऑयलर, लाप्लास व लाक्रुवा यांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासले. फ्रेंच गणिताचा हा अभ्यास त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरला. एप्रिल १८११ मध्ये ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

अध्यापनाची सुरुवात

डॉक्टरेटनंतर ओहम एर्लांगेन विद्यापीठात गणिताचे व्याख्याते झाले. हे पद बिनपगारी स्वरूपाचे होते व उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असे. त्यावर निर्वाह होणे शक्य नसल्याने तीन सत्रांनंतर त्यांनी ते सोडले. जानेवारी १८१३ मध्ये बव्हेरिया सरकारने त्यांना बांबेर्ग येथील एका साधारण दर्जाच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा दिली. या नोकरीत त्यांचे मन रमले नाही. फेब्रुवारी १८१६ मध्ये ती शाळाच बंद झाली आणि त्यांची नेमणूक बांबेर्गमधील दुसऱ्या एका गर्दीच्या शाळेत करण्यात आली.

याच काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भूमिती पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी पद्धत त्यात सुचविली होती. पुस्तकाची प्रत त्यांनी प्रशियाचे राजे तिसरे फ्रीडरिश विल्हेल्म यांना पाठविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलोन येथील जेझुइट माध्यमिक शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकविण्यासाठी त्यांना निमंत्रण मिळाले.

कोलोनमधील संशोधन

कोलोनच्या या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती. पुढे थोर गणिती म्हणून प्रसिद्धीस आलेले पेटर गुस्टाफ लेज्यून डिरिक्ले हे याच शाळेत ओहम यांचे विद्यार्थी होते.

१८२० मध्ये डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी विद्युतधारेमुळे जवळची चुंबकसुई विचलित होते हे दाखविले. त्यामुळे धारेचा प्रभाव मोजण्याचे साधन प्रथमच उपलब्ध झाले. व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघटमाला तयार केली होती, तरी परिपथातील धारा नेमकी कशावर अवलंबून असते याविषयी गोंधळ होता. स्थिर विद्युतेचा ताण आणि तारेतून वाहणारी विद्युत यांचा परस्परांशी संबंध काय, हेही स्पष्ट नव्हते. आज अ‍ॅमीटर व व्होल्टमीटर जोडून काही मिनिटांत घेतली जाणारी निरीक्षणे त्या काळी शक्य नव्हती, कारण ही उपकरणे नव्हती आणि राशींची एककेही ठरलेली नव्हती.

ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा परिपथात जोडून, तार वाढविल्यावर धारेचा चुंबकीय प्रभाव किती घटतो हे मोजण्यास आरंभ केला. १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या लेखात त्यांनी हा संबंध लॉगरिदमच्या स्वरूपात मांडला. तो योग्य नव्हता. त्यांनी वापरलेल्या घटमालेचा जोर परिपथ जोडताच बदलत असे व प्रयोग चालू असताना घटत जाई. साधनच अस्थिर असल्याने निरीक्षणांतून खरा नियम दिसू शकत नव्हता.

भौतिकशास्त्राच्या एका प्रमुख जर्मन नियतकालिकाचे संपादक योहान पोगेनडोर्फ यांनी घटमालेऐवजी औष्णिक विद्युतयुग्म वापरण्याची सूचना केली. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवल्यास परिपथात विद्युतधारा निर्माण होते, हे थॉमस झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधले होते. ओहम यांनी तांबे व बिस्मथ यांचे युग्म तयार केले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. ही दोन्ही तापमाने आपोआप स्थिर राहत असल्याने विद्युत जोरही स्थिर राहिला. धारा मोजण्यासाठी त्यांनी धातूच्या पातळ पट्टीला चुंबकसुई टांगली आणि विचलित झालेली सुई मूळ जागी आणण्यासाठी पट्टीला किती पीळ द्यावा लागतो हे मोजले.

१८२६ च्या प्रारंभी त्यांनी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ व १३० इंच लांबीच्या, सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून निरीक्षणे घेतली. एका मालिकेत २ इंचांच्या तारेसाठी सुईचे माप सुमारे ३२७ अंश-भाग आले, तर १३० इंचांच्या तारेसाठी ते सुमारे ४८ आले. तार ६५ पट लांब झाली, परंतु धारा जवळपास सातव्या हिश्श्यावरच आली होती. वरवर पाहता येथे कोणताही साधा संबंध दिसत नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना ओहम यांनी संपूर्ण परिपथ विचारात घेतला. धारा फक्त जोडलेल्या तारेतून जात नाही, तर युग्माच्या धातूंतून आणि इतर जोडण्यांमधूनही जाते. परिपथाच्या या कायम भागाचा रोध त्यांच्या प्रयोगात सुमारे २० इंच तारेइतका भरला. तो मिळविल्यास पहिल्या वेळी एकूण लांबी २२ व शेवटच्या वेळी १५० होते. हे प्रमाण सुमारे ६.८ येते आणि धारेतील घटही तितकीच आहे. म्हणजे धारा ही विद्युत जोराच्या सम प्रमाणात आणि संपूर्ण परिपथाच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. सांध्यांमधील तापमानाचा फरक कमी करून त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तेव्हा विद्युत जोर दर्शविणारी राशी घटली, पण परिपथाच्या कायम भागाचा रोध बदलला नाही. जोर आणि रोध या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

ग्रंथ व त्याचे स्वागत

प्रयोगांना सैद्धांतिक बैठक देण्यासाठी ओहम यांनी १८२६ मध्ये अर्ध्या वेतनावर एक वर्षाची रजा घेतली आणि ते बंधू मार्टिन राहत असलेल्या बर्लिन शहरी गेले. तेथे लिहिलेला, विद्युत परिपथाची गणिती मीमांसा करणारा त्यांचा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे फ्रेंच गणिती फूरिए यांच्या उष्णतावहनावरील १८२२ मधील ग्रंथाची प्रेरणा होती. धातूच्या दांड्यात उष्णता जशी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, तशीच विद्युत परिपथातील दोन बिंदूंमधील फरकामुळे वाहते, अशी त्यांची मांडणी होती.

या ग्रंथामुळे आपल्याला विद्यापीठात जागा मिळेल, अशी ओहम यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्या काळी जर्मनीतील अनेक विद्वानांवर हेगेलप्रणीत निसर्गतत्त्वज्ञानाचा प्रभाव होता आणि निसर्गाचे स्वरूप मोजमापाऐवजी चिंतनाने उलगडावे असा त्यांचा आग्रह होता. दुसरीकडे, प्रयोग करणाऱ्या अनेकांना ग्रंथातील उच्च गणित दुर्बोध वाटले. गेऑर्ग फ्रीडरिश पोल यांनी ग्रंथावर कठोर टीका केली. प्रशियाच्या शिक्षण खात्यातही ओहम यांना सहानुभूती मिळाली नाही.

निराश होऊन ओहम यांनी मार्च १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्यांनी बर्लिनमधील लष्करी शाळेत गणिताचे मोजके तास घेऊन, अपुऱ्या उत्पन्नावर काढली. वयाच्या चाळिशीत, आयुष्यातील सर्वांत मोठे काम पूर्ण झालेले असताना, त्यांच्याकडे कायम नोकरी नव्हती. १८३३ मध्ये न्युर्नबेर्गच्या पॉलिटेक्निक शाळेत त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि ही ओढाताण संपली. १८३९ मध्ये ते त्या संस्थेचे संचालक झाले.

मान्यता

ओहम यांच्या नियमाला मान्यता हळूहळू मिळत गेली. लाइपझिगचे गुस्टाफ फेखनर यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या विस्तृत प्रयोगांनी तो पडताळून पाहिला. फ्रान्समध्ये क्लोद पुइए यांच्या मापनांतूनही तोच संबंध पुढे आला. तारायंत्राचा विकास सुरू झाल्यावर लांबच लांब तारांमधून किती धारा पोहोचेल हे आधी सांगणे व्यावसायिक गरजेचे बनले. त्यामुळे नियमाचे मोल व्यवहारातही पटू लागले.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले आणि १८४२ मध्ये त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी रोध मोजण्याच्या पद्धतींवरील आपल्या व्याख्यानात ओहम यांच्या सिद्धांताचा आधार घेतला. १८४५ मध्ये गुस्टाफ किर्खहॉफ यांनी अनेक शाखा असलेल्या परिपथांचे नियम मांडले. तेही ओहम यांच्या पायावर उभे आहेत. त्याच वर्षी बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने ओहम यांना पूर्ण सदस्यत्व दिले.

इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८१ मध्येच असाच संबंध आढळला होता. धारामापक नसल्याने स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून त्यांनी अनुमान काढले होते. मात्र त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. त्यांची टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रकाशात आणली. ओहम यांना त्यांची माहिती असणे शक्य नव्हते.

इतर संशोधन व अखेरची वर्षे

१८४३ मध्ये ओहम यांनी ध्वनीविषयी एक नियम मांडला. मानवी कान संमिश्र स्वराचे त्यातील साध्या स्वरांमध्ये पृथक्करण करतो, असा त्याचा आशय आहे. या नियमालाही सुरुवातीस विरोध झाला. पुढे हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी त्याला महत्त्व प्राप्त करून दिले. स्फटिकांमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणावरही ओहम यांनी काम केले.

१८४९ मध्ये ते म्युनिकला आले. बव्हेरियन अकादमीच्या भौतिकी उपकरण संग्रहाची देखरेख आणि विद्यापीठातील व्याख्याने ही कामे त्यांच्याकडे होती. १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठात त्यांची प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. तरुणपणापासून मनात बाळगलेली इच्छा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पूर्ण झाली. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले. ते आजन्म अविवाहित होते. म्युनिकमधील जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

नियमाचे स्वरूप

वाहकाची लांबी, जाडी, पदार्थ व तापमान कायम असेल, तर त्यातून वाहणारी विद्युतधारा ही वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या सम प्रमाणात असते, असा ओहमचा नियम सांगता येईल. सूत्ररूपाने तो असा आहे:

विभवांतर (व्होल्ट) = विद्युतधारा (अँपिअर) × रोध (ओहम)

यावरून विभवांतराला धारेने भागले असता रोध मिळतो. एका तारेला १.५ व्होल्ट विभवांतर दिल्यावर ०.३ अँपिअर, ३ व्होल्टला ०.६ अँपिअर आणि ४.५ व्होल्टला ०.९ अँपिअर धारा वाहत असेल, तर तिन्ही वेळा भागाकार ५ येतो. म्हणून त्या तारेचा रोध ५ ओहम आहे. आलेखात ही निरीक्षणे आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर येतात.

विद्युत शक्ती म्हणजे दर सेकंदाला वापरली जाणारी विद्युत ऊर्जा होय. विभवांतर व धारा यांचा गुणाकार केला की ती वॅटमध्ये मिळते. वरील उदाहरणात शेवटच्या वेळी ४.५ × ०.९ म्हणजे ४.०५ वॅट शक्ती खर्च होते. इंग्लंडचे जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. ओहम व जूल यांचे नियम एकत्र केल्यास शक्तीची तीन रूपे मिळतात: विभवांतर × धारा, धारेचा वर्ग × रोध, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध.

हा नियम सर्व पदार्थांना लागू पडत नाही. धातूंचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या तंतूच्या दिव्याचा रोध पेटलेल्या स्थितीत ५२९ ओहम असतो, परंतु थंड असताना तो कितीतरी कमी असतो. त्यामुळे दिवा लावताच क्षणभर अधिक धारा वाहते. डायोड, एलईडी यांसारख्या अर्धवाहक साधनांमध्ये धारा व विभवांतर यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही.

व्यवहारातील उपयोग

वीजवापराच्या रोजच्या प्रश्नांची उकल ओहमच्या नियमाने होते. पाणी तापविण्याचा १,००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर धारा घेतो आणि त्याचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर रोध जवळपास तोच राहतो, पण शक्ती सुमारे ६१२ वॅट इतकीच उरते. दाब २२ टक्क्यांनी घटला असता उष्णता ३९ टक्क्यांनी घटते, कारण शक्ती विभवांतराच्या वर्गावर अवलंबून असते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांसारख्या, विहिरी व कूपनलिकांवरील पंपांवर शेती अवलंबून असलेल्या प्रदेशात याचा प्रत्यय विशेष येतो. अनेक पंप रोहित्रापासून, म्हणजे ग्रामीण बोलीतील डीपीपासून, बऱ्याच अंतरावर असतात. जाणाऱ्या व येणाऱ्या तारांचा एकत्रित रोध २ ओहम असेल आणि एकेरी फेजवरील पंप ८ अँपिअर धारा घेत असेल, तर १६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात व १२८ वॅट शक्ती तारा तापविण्यात वाया जाते. धारा १२ अँपिअर झाल्यास तारेतील घट २४ व्होल्ट आणि वाया जाणारी शक्ती २८८ वॅट होते. धारा दीडपट झाली, पण नुकसान सव्वादोन पट झाले.

मोटर ही साध्या रोधासारखी वागत नाही. दाब कमी झाला तरी पाणी उपसण्याचे काम तेवढेच राहते, त्यामुळे ती अधिक धारा ओढते. धारेच्या वर्गाप्रमाणे तिचे वेटोळे तापते आणि त्यावरील विद्युतरोधक लेप खराब होऊन मोटर जळते. जाड व कमी लांबीची तार, घट्ट सांधे आणि योग्य क्षमतेचे स्टार्टर यांमुळे हा धोका कमी होतो. सैल सांध्याचा रोध थोडासाच असला तरी मोठी धारा वाहताना तेथे बरीच उष्णता निर्माण होते. सांधे काळे पडण्याचे व ठिणग्या उडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वीज दूरवर उच्च दाबाने वाहून नेण्यामागेही हाच हिशेब आहे. २३ किलोवॅट शक्ती २३० व्होल्टने पाठवावयाची झाल्यास १०० अँपिअर धारा लागते, तर ११,००० व्होल्टने पाठविल्यास सुमारे २.१ अँपिअर पुरते. तारेचा रोध तोच असताना वाया जाणारी शक्ती सुमारे २,३०० पटींनी कमी होते. परळी वैजनाथसारख्या औष्णिक केंद्रात निर्माण झालेली वीज आधी उच्च दाबाला चढविली जाते व गावाजवळ टप्प्याटप्प्याने उतरविली जाते, ती यामुळेच.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील धाराविद्युत या पाठात ओहमचा नियम व त्याची प्रयोगाद्वारे पडताळणी समाविष्ट आहे. विद्युतधारेचे औष्णिक परिणाम दहावीत अभ्यासले जातात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दू माध्यमातून शिकविले जात असे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. लातूर येथेही पुढे दयानंद महाविद्यालय व राजर्षी शाहू महाविद्यालय यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. रोध, विभवांतर, रोधकता हे मराठी शब्द शालेय पुस्तकांतून या भागातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. लातूर पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीमुळे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र म्हणून लातूर नावारूपाला आले. त्या परीक्षांच्या भौतिकशास्त्रातही रोध, धारा व शक्ती यांवरील उदाहरणे हा एक नेहमीचा भाग असतो.

सन्मान व स्मृती

विद्युत राशींच्या एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची सूचना १८६१ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आली. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके स्वीकारली. सुरुवातीस शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या व सुमारे १०६ सेंटिमीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम असे मानले जात असे. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये शोधलेल्या पुंज हॉल परिणामामुळे आता रोधाचे प्रमाण थेट निसर्गाच्या स्थिरांकांशी जोडता येते. त्यातील मूलभूत रोध सुमारे २५,८१२.८ ओहम आहे. ओहम हे एकक ग्रीक वर्णमालेतील मोठ्या ओमेगा या चिन्हाने दर्शवितात, कारण नावाचे रोमन आद्याक्षर वापरल्यास ते शून्य म्हणून वाचले जाण्याची शक्यता असते.

न्युर्नबेर्ग येथील तांत्रिक उच्चशिक्षण संस्थेला ओहम यांचे नाव देण्यात आले असून म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्यांचा पुतळा आहे. पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून केलेल्या १८२६ च्या प्रयोगाची मांडणी आजही विज्ञानाच्या इतिहासात आदर्श म्हणून अभ्यासली जाते: आधी साधन स्थिर करावे, एका वेळी एकच राशी बदलावी आणि मगच आकड्यांमध्ये नियम शोधावा. शाळेच्या प्रयोगशाळेत घट, तार, अ‍ॅमीटर व व्होल्टमीटर घेऊन विद्यार्थी जो प्रयोग करतात, त्यातही हाच क्रम पाळला जातो.